कोणत्या शर्यतीची गाडी?

मुंबई-अहमदाबाद महामार्ग आणि उधना-जळगाव रेल्वेमार्ग यांच्या सांध्यावर चलथाण वसलं आहे. सुरत जिल्ह्याच्या पलसाणा तालुक्यातल्या या गावाची ओळख सहकारी साखर कारखाना, आजूबाजूच्या कापड गिरण्या आणि महामार्गावरची ट्रकांची रांग यांच्यामुळे आहे. ज्या रेल्वेने खानदेशातली हजारो मराठी कुटुंबं सुरत परिसरात आली, तीही इथूनच जाते. मोटारशर्यतीशी मात्र या मुलखाचा काही संबंध नाही. देशातल्या शर्यतींचे नावाजलेले मार्ग चेन्नई, कोइमतूर आणि ग्रेटर नोएडा इथे आहेत. तरीही शर्यतीच्या गाड्यांच्या छोट्या प्रतिकृती बनवणं आणि जमवणं हा छंद अशाच गावांत रुजायला हवा, असं माझं म्हणणं आहे. ही प्रतिकृती खेळणं नाही आणि गुंतवणूकही नाही. नाहीशा होणाऱ्या एका यंत्राची ती मोजून-मापून केलेली नोंद असते. नोंद जितकी अचूक, तितकी तिची किंमत. खोक्यावरच्या कंपनीच्या नावाने किंवा बाजारभावाने ती ठरत नाही. अचूक हातकामावर ज्या प्रदेशाचं पोट चालतं, तिथे या छंदासाठी लागणारं अर्धं भांडवल आधीच जमा आहे.

प्रतिकृती शर्यतीच्याच गाडीची का, हा पहिला प्रश्न. रस्त्यावरची गाडी हजारोंच्या संख्येने निघते आणि वर्षानुवर्षं तशीच राहते. एखादी हरवली तरी तिच्यासारख्या शंभर कुठेतरी सापडतात. शर्यतीची गाडी दर पंधरवड्याला बदलते. पंखाचा कोन बदलतो, हवा आत घेणारी तोंडं मोठी-लहान होतात, टायर वेगळे येतात, अपघातानंतर पुढचा भागच नवा बसतो. लोटस कंपनीची ७२ क्रमांकाची गाडी १९७० ते १९७५ अशी सहा वर्षं फॉर्म्युला वनच्या शर्यतींत होती. सुरुवातीला ती लाल-पांढऱ्या-सोनेरी रंगात धावत होती, १९७२ पासून काळ्या-सोनेरी रंगात. या सहा वर्षांत तिचं अंगही इतकं बदललं की पहिल्या आणि शेवटच्या वर्षीच्या गाडीला एकच म्हणायला धीर लागतो. १९७८ च्या स्वीडनच्या शर्यतीत ब्रॅबम संघाने मागे मोठा पंखा लावलेली गाडी उतरवली. गाडीखालची हवा ओढून घेऊन तो पंखा तिला रस्त्याला चिकटवून ठेवत होता. निकी लाउडाने ती शर्यत जिंकली आणि त्यानंतर ती गाडी त्या रूपात फॉर्म्युला वनच्या शर्यतीत पुन्हा कधीच धावली नाही. त्याच्या दोनच वर्षं आधी, १३ जून १९७६ रोजी, स्वीडनमध्येच टिरेल संघाची सहा चाकांची पी-३४ पहिली आली होती. दुसरा क्रमांकही तशाच गाडीचा होता. पुढच्या वर्षी तिचं कवच बदललं आणि १९७७ च्या मोसमानंतर टिरेलचा सहा चाकांचा प्रयोगच संपला. म्हणून या छंदातला जाणता माणूस ‘कोणती गाडी?’ एवढ्यावर थांबत नाही, तो ‘कोणत्या शर्यतीतली?’ असं विचारतो. हा प्रश्न इतिहासकाराचा आहे. त्याचं उत्तर शोधायला जुनी छायाचित्रं, शर्यतीचे निकाल आणि तांत्रिक आराखडे पडताळून पाहावे लागतात.

ही पडताळणी म्हणजे शाळेतलं त्रैराशिकच. फॉर्म्युला वनमध्ये २०२१ पर्यंत १३ इंची रिम असत, २०२२ पासून १८ इंची आल्या. समजा, जुन्या गाडीचं बाजूने घेतलेलं छायाचित्र आहे. रिमचा व्यास माहीत असेल, तर त्याच छायाचित्रातून गाडीची लांबी, दोन चाकांमधलं अंतर आणि पंखाची उंची काढता येते. नवखा इथे हमखास फसतो. १३ इंच हे माप टायर जिथे आत बसतो तिथलं असतं, बाहेर दिसणारी कड साधारण एक-दीड इंचाने मोठी असते. तीच १३ इंच धरली तर सगळी मापं दहा टक्क्यांच्या आसपास चुकतात. शिवाय कॅमेऱ्याच्या जवळची वस्तू मोठी दिसते, त्यामुळे अलीकडच्या चाकावरून काढलेलं माप पलीकडच्या पंखाला लागू होत नाही. दोन-तीन छायाचित्रांतली मापं एकमेकांशी ताडून पाहिल्याशिवाय विश्वास ठेवण्याजोगा आकडा हाती येत नाही. टिरेलची पी-३४ करणाऱ्याला तर पुढची चार चाकं १० इंची आणि मागची दोन १३ इंची असा दुहेरी हिशेब सांभाळावा लागतो. हे सगळं करणारा माणूस यंत्राकडे पाहायला शिकतो. नुसतं चकचकीत मॉडेल विकत घेऊन ते शिक्षण मिळत नाही.

प्रमाणांची गंमतही समजून घेण्यासारखी आहे. १:४३ हे विचित्र वाटणारं प्रमाण मोटारींच्या मॉडेलमध्ये आलं ते खेळण्यातल्या रेल्वेकडून. इंग्लंडमध्ये ‘ओ’ मापाच्या रेल्वेत एका फुटाला ७ मिलिमीटर धरत. एक फूट म्हणजे ३०४.८ मिलिमीटर, त्याला ७ ने भागलं की साडेत्रेचाळीस येतात. लिव्हरपूलच्या मेकॅनो कंपनीने हॉर्नबी रेल्वेच्या स्थानकाबाहेर उभ्या करायला छोट्या गाड्या काढल्या. १९३४ पासून त्या ‘डिंकी टॉइज’ या नावाने विकल्या जाऊ लागल्या. १:१२ म्हणजे फुटाला एक इंच आणि १:२४ म्हणजे फुटाला अर्धा इंच, हा फूटपट्टीचा सरळ हिशेब. फॉर्म्युला वनच्या किटसाठी १:२० हे प्रमाण रूढ झालं आहे. या प्रमाणात १३ इंची रिम साडेसोळा मिलिमीटरची होते आणि अर्ध्या मिलिमीटरची तार खऱ्या गाडीतल्या एक सेंटिमीटर जाड नळीची जागा घेते. रंग मात्र आपोआप बारीक होत नाही. मॉडेलवर बसलेला मिलिमीटरच्या विसाव्या भागाएवढा थर म्हणजे खऱ्या गाडीवर एक मिलिमीटर जाडीचा लेप. असा लेप बसला की कवचाच्या भागांमधल्या फटी बुजतात, कडा गोल होतात आणि गाडी साबणाच्या वडीसारखी दिसू लागते. मुरलेले लोक एअरब्रशने पातळ थर देतात आणि दोन थरांमध्ये पॉलिश पेपर फिरवतात तो यासाठीच. डोळ्याला खरी वाटणारी प्रतिकृती आणि नुसती लहान केलेली वस्तू यांतला फरक बहुतेक वेळा या जाडीत असतो.

मोजमापाला हा छंद किती महत्त्व देतो, याचा नामांकित दाखला जपानमधला आहे. शिझुओका शहरातल्या तामिया कंपनीची सुरुवात लाकडाच्या वखारीतून झाली. पुढे ती लाकडी आणि मग प्लास्टिकच्या मॉडेलांकडे वळली. १९६० च्या दशकात तिने होंडाच्या शर्यतीच्या गाडीचं १:१२ किट काढलं. सत्तरच्या दशकात पोर्शे ९३४ या शर्यतीच्या गाडीचं किट करायचं ठरल्यावर कंपनीच्या शुनसाकू तामिया यांनी पोर्शे ९११ ही खरी गाडी विकत घेतली आणि ती सुटी करून तिचा भाग न् भाग मोजायला लावला. ते किट १९७६ साली आलं. झालेला खर्च भरून काढण्यासाठी त्याच कवचाखाली मोटार आणि बॅटरी बसवून रेडिओवर चालणारी गाडी काढली गेली. ती इतकी खपली की कंपनीचा पुढचा मोठा धंदाच त्यातून उभा राहिला. या गोष्टीला अनेकदा धंद्यातल्या धाडसाचा मुलामा दिला जातो. मला तिचा अर्थ वेगळा वाटतो. छोट्या गाडीचा एक स्क्रू बरोबर बसावा म्हणून एका माणसाने मोठी गाडी सुटी केली. मोजमापाचा मान राखला आणि व्यापार त्याच्या मागून आला.

‘पण शेवटी खेळणंच ना?’ हा पहिला आक्षेप, आणि कायदाही त्याच्याच बाजूने उभा दिसतो. जकातीच्या वर्गीकरणात लहान प्रमाणातली मॉडेलं, बाहुल्या, तीनचाकी सायकली आणि कोडी हे सगळं ९५०३ या एकाच शीर्षकाखाली येतं. जकात अधिकाऱ्याच्या सोयीसाठी ते ठीक असेल. फॉर्म्युला वनचे संघ मात्र स्वतःच्या गाड्यांची मॉडेलं बनवल्याशिवाय पुढे सरकत नाहीत. गाडीवरून हवा कशी वाहते हे पवनबोगद्यात तपासताना मॉडेल खऱ्या गाडीच्या ६० टक्क्यांहून मोठं आणि वाऱ्याचा वेग सेकंदाला ५० मीटरहून जास्त असता कामा नये, अशी नियमांचीच मर्यादा आहे. म्हणजे ज्या गाडीसाठी कोट्यवधी रुपये ओतले जातात, तिचा जन्म आधी मॉडेलच्या रूपात होतो. ‘एफ-वन इन स्कूल्स’ या नावाने जगभर पसरलेल्या शालेय स्पर्धेतही हेच सूत्र आहे. मुलं संगणकावर आराखडा करतात, ठोकळ्यातून गाडी कोरतात आणि कार्बन डायऑक्साइडच्या छोट्या नळकांड्याच्या जोरावर ती २० मीटरच्या सरळ मार्गावर सोडतात. तिथे वजन, घर्षण आणि हवेचा विरोध यांचे धडे सेकंदाच्या अपूर्णांकात तपासले जातात. ज्यातून एवढं शिकता येतं ते खेळणं असेल, तर खेळण्याची व्याख्या आपण फारच तोकडी करून ठेवली आहे.

दुसरा आक्षेप परकेपणाचा. मोटारशर्यत युरोपची, किट जपानचं, मग चलथाणच्या किंवा चाळीसगावच्या मुलाचा त्यात काय संबंध? शर्यतीबद्दल हे म्हणणं बरंचसं खरं आहे. नारायण कार्तिकेयन २००५ साली फॉर्म्युला वनमध्ये उतरला, २०११ ते २०१३ अशी तीन वर्षं ग्रेटर नोएडात इंडियन ग्राँ प्री झाली, मुंबईच्या जेहान दारूवालाने फॉर्म्युला टूमधल्या शर्यती जिंकल्या. आपल्या बाजूची यादी यापुढे फार लांबत नाही. प्रतिकृती करण्याची परंपरा मात्र इथली आहे. पलसाणा एकेकाळी बडोदा संस्थानच्या नवसारी प्रांतात होतं. याच संस्थानात सयाजीराव गायकवाडांनी १८९० साली कलाभवन सुरू केलं आणि त्याची धुरा सुरतच्या त्रिभुवनदास गज्जर यांच्याकडे दिली. हात आणि बुद्धी यांना एकत्र शिकवणारी ही संस्था होती. त्र्यंबकेश्वरचे धुंडिराज गोविंद फाळके त्याच कलाभवनाचे विद्यार्थी. ‘राजा हरिश्चंद्र’ला अजून दोन दशकं अवकाश असताना, १८९२ साली अहमदाबादच्या औद्योगिक प्रदर्शनात आदर्श नाट्यगृहाच्या प्रतिकृतीसाठी त्यांना सुवर्णपदक मिळालं होतं. भारतीय चित्रपटाच्या जनकाचं हे आरंभीचं यश छोट्या प्रमाणातल्या मॉडेलचं होतं, हे आपण विसरलो. दिवाळीत अंगणात मातीचा रायगड किंवा प्रतापगड उभा करणारी मराठी मुलं बुरूज किती उंच आणि दरवाजा कुठल्या तोंडाला याच विवंचनेत असतात. पुण्यात भाऊ जोशी यांनी आयुष्यभराच्या छंदातून उभं केलेलं छोट्या रेल्वेचं संग्रहालय १९९८ पासून लोकांना खुलं आहे. विषय परका असेल, काम आपल्या ओळखीचं आहे.

तिसरा आक्षेप पैशाचा, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. खेळण्यांवरची आयात जकात २०२० साली २० टक्क्यांवरून ६० टक्क्यांवर गेली आणि २०२३ मध्ये ७० टक्क्यांवर. मॉडेलं त्याच शीर्षकाखाली येत असल्याने जपानचं चांगलं किट किंवा हजाराहून जास्त भाग हाताने जोडलेलं जर्मन मॉडेल मध्यमवर्गीय घराच्या आवाक्याबाहेर जातं. देशी खेळणी उद्योगाला संरक्षण मिळावं, हा हेतू समजण्यासारखा आहे. पण आपल्याकडे शर्यतीच्या गाड्यांची किट बनवणारा मोठा उद्योग नसल्यामुळे इथे संरक्षण कुणाला मिळतं, हा प्रश्न उरतो. तरी खर्चाचा हा आक्षेप विकत घेण्याला लागू पडतो, बनवण्याला नाही. पुठ्ठा, पातळ प्लास्टिकचं शीट, बांबूच्या काड्या, तांब्याची तार, बॉलपेनची रिकामी नळी आणि पॉलिश पेपर एवढ्यावर १:१२ ची गाडी उभी राहू शकते. दोनशे रुपयांच्या आसपास मिळणारी १:६४ ची गाडी सुटी करून, तिचा रंग काढून, तिला नवं रूप देणारे छंदिष्ट भारतात खूप आहेत. सुरत परिसराला तर वेगळी सोय आहे. इथले रत्नकलाकार साबुदाण्याहूनही लहान हिऱ्यावर सत्तावन्न पैलू पाडतात, लूमचा कारागीर डोळ्याने धाग्याचा ताण ओळखतो, आणि कापड उद्योगामुळे लेसरने काटेकोर कापून देणारी दुकानं शहरात शोधावी लागत नाहीत. ज्या घरातला बाप दिवसभर भिंगातून पाहतो, त्या घरात मिलिमीटरच्या दशांशाचं महत्त्व मुलाला वेगळं समजावून सांगावं लागणार नाही.

चौथा आक्षेप संग्रहाबद्दलचा आहे, आणि तो मला सर्वांत वजनदार वाटतो. आज या छंदाचा मोठा भाग खरेदीचाच झाला आहे. मोजक्याच निघणाऱ्या गाडीसाठी दुकानात पहाटे रांग लावायची, खोकं न उघडता ठेवायचं आणि दुप्पट भावाने विकायचं, याला छंद म्हणणं कठीण आहे. ती साठेबाजी आहे, आणि ज्या मुलासाठी गाडी बनली त्याच्यापर्यंत ती त्यामुळे पोचत नाही. पण म्हणून संग्रह ही गोष्टच पोकळ ठरत नाही. पुण्याच्या दिनकर केळकरांनी अडकित्ते, दिवे, कुलपं, स्वयंपाकघरातली भांडी जमवली तेव्हा त्यातल्या बहुतेक वस्तू मोडीत निघालेल्या होत्या. त्यांच्या संग्रहाला मोल आलं ते निवडीमुळे, आणि वस्तूमागचं रोजचं जगणं त्यांनी जपलं म्हणून. गाड्यांच्या संग्रहालाही हीच कसोटी लावावी. वीस वेगवेगळ्या झगमगीत गाड्यांपेक्षा लोटस ७२ च्या सहा वर्षांतल्या सहा अवस्था, किंवा भारतीय चालकांनी चालवलेल्या गाड्या, असा एखादा धागा धरलेला छोटा संग्रह कितीतरी बोलका असतो. प्रत्येक मॉडेलसोबत एक पान हवं: गाडी कोणती, शर्यत कोणती, तारीख कोणती, मापं कशावरून घेतली, कुठे अंदाज केला. हे पान नसेल तर संग्रह म्हणजे कपाटातली गर्दी.

या नोंदीच्या आग्रहातून एक अडचणीचा प्रश्न उभा राहतो, तो तंबाखूच्या जाहिरातींचा. १९६८ पासून पुढची जवळपास चार दशकं शर्यतीच्या गाड्या सिगारेट कंपन्यांच्या रंगात रंगल्या होत्या. पुढे कायदे कडक झाले तशी किटमधून ती नावं गळाली. काटेकोर छंदिष्ट त्या नावांच्या डिकल, म्हणजे चिकटवायच्या छापील पट्ट्या, वेगळ्या मागवून लावतात. इतिहास पुसू नये, हे त्यांचं म्हणणं बरोबर आहे. लहान मुलांच्या टेबलावर सिगारेटचं नाव नको, हे पालकांचं म्हणणंही बरोबर आहे. भारतात २००३ च्या कायद्याने तंबाखूच्या जाहिरातीला बंदी आहे. माझ्या मते प्रौढाने आपल्या घरी संदर्भासाठी केलेल्या मॉडेलवर मूळ नाव असायला हरकत नाही, मात्र सोबतच्या पानावर तो पैसा कुणाचा होता आणि तो का थांबला हे लिहिलेलं असावं. शाळेत किंवा प्रदर्शनात ठेवायच्या गाडीवर रंग तेवढे ठेवून नाव वगळावं. नोंद खरी ठेवायची म्हणून जाहिरात चालू ठेवण्याची गरज नसते.

शेवटचा आक्षेप नव्या काळाचा. त्रिमितीय छपाईचं यंत्र आज बटण दाबल्यावर गाडी काढून देतं, मग हाताने घासत बसायचं कशाला? यंत्र उपयोगी आहे आणि ते वापरावं, विशेषतः रिम आणि इंजिनाच्या बारीक भागांसाठी. पण छपाईचा एक थर मिलिमीटरच्या विसाव्या भागाइतका धरला, तर १:२० च्या मॉडेलवर त्याची पायरी खऱ्या गाडीवरच्या एक मिलिमीटर पायरीएवढी दिसते. ती घासावीच लागते. त्याहून महत्त्वाचं म्हणजे संगणकातली आकृती कुणीतरी आधी मोजलेली असते. तो मोजणारा चुकला असेल, तर यंत्र तीच चूक शंभर वेळा बिनचूक छापेल. ‘कोणत्या शर्यतीतली?’ हा प्रश्न यंत्राला पडत नाही, तो माणसालाच विचारावा लागतो.

म्हणून एक सुचवावंसं वाटतं. सुरत महानगरपालिका मराठी माध्यमाच्याही शाळा चालवते, आणि चलथाण-पलसाण्यापासून उधना-लिंबायतपर्यंत मराठी मंडळं दरवर्षी गणेशोत्सवात देखाव्यांवर मेहनत घेतात. त्या मेहनतीतला थोडा वाटा मुलांच्या मॉडेल-कार्यशाळेला मिळावा. एक वर्ष, एकच गाडी, एकच शर्यत आणि सगळ्या गटांना सारखा पुठ्ठा. बक्षीस देताना चकाकीला थोडे आणि मोजमापाच्या पानाला जास्त गुण द्यावेत. शिकवायला त्याच वस्तीतला रत्नकलाकार, लूम दुरुस्त करणारा कारागीर आणि शाळेतला गणिताचा शिक्षक पुरेसे आहेत. घरी आधीच गाड्या जमवणाऱ्या वाचकांनी पुढची गाडी विकत घेण्याआधी कपाटातल्या एकीचं पान लिहून काढावं. ते लिहिता आलं नाही, तर ती गाडी अजून तुमच्या संग्रहात आलेली नाही असं समजा.